चौकशी आणि विचारपूस

दहावीला मला गणितात १५० पैकी १४५ मिळाले, तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "पाच कुठे गेले?"

आई म्हणाली, "अहो, आधी पेढा तरी ठेवा त्याच्या हातावर." बाबांनी पेढा ठेवला आणि पुन्हा विचारलं, "पण पाच गेले कुठे?"

आमच्याकडे तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. पोरगं डोक्यावर बसतं, शिवाय दृष्ट लागते ती वेगळीच. त्यामुळे जे नीट झालं त्याबद्दल गप्प बसायचं आणि जे चुकलं त्याचा कीस पाडायचा, हे मी फार लवकर शिकलो. असा मुलगा पुढे सॉफ्टवेअरमध्ये गेला नाही तरच नवल. आमचा अख्खा धंदा 'पाच कुठे गेले' या प्रश्नावर चालतो. आम्ही त्या पाचांना बग म्हणतो, इतकंच.

आज लिहायचंय ते याच्या बरोबर उलट्या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल. 'पाच कुठे गेले' याऐवजी 'एकशे पंचेचाळीस आले कसे?' असं विचारून अख्खी संस्था बदलता येते, असा दावा करणारी एक पद्धत आहे. तिचं नाव अ‍ॅप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी. आद्याक्षरं ए.आय. ही दोन अक्षरं आता दुसऱ्याच कुणीतरी बळकावली आहेत, पण ही ए.आय. म्हणजे माणसांच्या संस्था अभ्यासणाऱ्यांची, १९८० सालची.

मराठीत काय म्हणावं? 'गुणग्राही चौकशी' हा शब्दकोशातून उचलल्यासारखा शब्द सुचतो. पण आपल्याकडे चौकशी 'बसते'. चौकशी म्हटलं की समोरचा माणूस आधी फाईल लपवतो. प्रश्न विचारण्यालाच आपल्याकडे दुसरा एक शब्द आहे, विचारपूस. प्रश्न दोन्हीकडे असतात. पण चौकशीत माणूस मिटतो आणि विचारपूस केली की उलगडतो. थोडक्यात काय, तर ही पद्धत म्हणजे विचारपूसच, पण चौकशीइतकी कसून केलेली.

माझी तिच्याशी पहिली ओळख मात्र फारच वाईट झाली. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होतो, तिथे आम्हाला दोन दिवस एका रिसॉर्टवर नेलं. रंगीत कागद, स्केचपेनं, गोल मांडलेल्या खुर्च्या. 'तुमच्या टीमचा सर्वांत सुंदर क्षण सांगा', 'पाच वर्षांनंतरच्या टीमचं चित्र काढा' वगैरे. एकानं कामाच्या तासांचा विषय काढला, तर बाई गोड हसून म्हणाल्या, "आपण इथे तक्रारी नाही करायच्या हं, फक्त सकारात्मक बोलायचं." आम्ही सूर्य, झाडं, हसरे चेहरे काढले. तीन आठवड्यांनी टीममधली निम्मी माणसं कमी केली गेली. आमची टेस्टर त्यात होती. तेव्हापासून हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं.

पुढे कधीतरी, रागाच्या भरातच, हे खूळ निघालं कुठून ते बघायला म्हणून वाचायला घेतलं. आणि लक्षात आलं की आम्हाला रिसॉर्टवर जे दिलं गेलं, ते मूळच्या कल्पनेचं फक्त वेष्टन होतं.

आधीची गोष्ट

संस्था कशा बदलाव्यात याचं शास्त्र अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास उभं राहिलं. त्याच्या मुळाशी आहे कर्ट लेविन. बर्लिनमध्ये शिकवणारा हा ज्यू मानसशास्त्रज्ञ १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर अमेरिकेत गेला. त्याचं म्हणणं असं, की माणसांच्या गटाचा अभ्यास लांबून करू नका. तो गट बदलायचा प्रयत्न करा, तो करता करता अभ्यास करा, आणि त्या माणसांनाही अभ्यासात सामील करून घ्या. १९४६ साली त्याचा यावरचा निबंध आला आणि 'अ‍ॅक्शन रिसर्च' हा शब्द रुळला. १९४७ च्या सुरुवातीला लेविन गेला. त्याच वर्षी उन्हाळ्यात मेन राज्यातल्या बेथेल या गावी त्याच्या सहकाऱ्यांनी गटप्रशिक्षणाचं शिबिर घेतलं आणि तिथून पुढे हा एक रीतसर व्यवसाय झाला.

पुढच्या तीसेक वर्षांत या व्यवसायाची एक ठरलेली रीत बसली. सल्लागार येणार, मुलाखती घेणार, प्रश्नावल्या वाटणार, दुखणं कुठे आहे ते शोधणार, निदान सांगणार, उपाय सुचवणार. भाषा सगळी डॉक्टरची. म्हणजे सल्लागाराला बोलावलं याचाच अर्थ संस्था आजारी आहे.

गंमत अशी की या डॉक्टरी भाषेला धक्का बसला तो एका हॉस्पिटलातच.

क्लीव्हलंड, १९८०

ओहायो राज्यातलं क्लीव्हलंड क्लिनिक १९२१ साली चार डॉक्टरांनी सुरू केलं. त्यांतल्या काहींनी पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात काम केलं होतं. वेगवेगळ्या विषयांचे डॉक्टर एका छताखाली एकत्र काम करतात तेव्हा काय होतं, ते त्यांनी तिथे पाहिलं होतं. म्हणून इथे प्रत्येकाचं वेगळं दुकान नाही. डॉक्टरांना पगार, आणि रोगी सगळ्यांचा मिळून.

आठच वर्षांत या प्रयोगावर घाला आला. १५ मे १९२९ ला तळघरात साठवलेल्या एक्स-रे फिल्म पेटल्या. त्या काळच्या फिल्म नायट्रोसेल्युलोजच्या असत. त्यांच्या विषारी धुरानं १२३ माणसं गेली. चार संस्थापकांपैकी डॉक्टर जॉन फिलिप्स त्यातच गेले. त्याच वर्षी शेअरबाजार कोसळला आणि मंदी आली. तरी संस्था टिकली, आणि पुढे अमेरिकेतल्या नामांकित रुग्णालयांत गणली जाऊ लागली.

१९८० साली तिथे डेव्हिड कूपररायडर नावाचा पंचविशीतला विद्यार्थी येऊन पोचला. त्याच शहरातल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात तो पीएचडी करत होता. अ‍ॅल जेन्सन या सहाध्यायाबरोबर त्याचं काम नेहमीचंच होतं: या संस्थेत माणसांच्या बाजूनं काय बिघडलंय ते शोधायचं. त्यानं डॉक्टरांना त्यांच्या यशाच्या आणि अपयशाच्या गोष्टी विचारल्या. झालं असं, की अपयशाच्या गोष्टींपेक्षा यशाच्या गोष्टींनीच त्याला खिळवून ठेवलं. इतकं सहकार्य, इतकी नवी नवी कल्पकता, आणि मोठमोठे सर्जन असूनही कारभारात एवढी बरोबरी! हे त्यानं गृहीतच धरलं नव्हतं.

त्याचे मार्गदर्शक होते सुरेश श्रीवास्तव, मूळचे भारतीय. पोरगा येऊन सांगतोय की मला बिघाडाऐवजी चांगलंच जास्त दिसतंय. आमच्याकडचा एखादा गाईड म्हणाला असता, "विषय मंजूर झालाय तो कर." श्रीवास्तवांनी त्याला सांगितलं, की तुला ज्यात एवढा रस वाटतोय त्याचाच माग काढ. क्लिनिकचे प्रमुख डॉक्टर विल्यम कायझर यांनीही परवानगी दिली. मग कूपररायडरनं ठरवून, बाकी सगळं बाजूला ठेवून, एकच प्रश्न लावून धरला: ही संस्था जेव्हा सर्वांत चांगली चालते, तेव्हा नेमकं काय काय घडत असतं?

'अ‍ॅप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी' हे शब्द पहिल्यांदा आले ते संचालक मंडळाला दिलेल्या त्या अहवालात, आणि तेही तळटीपेत. पण अहवालानं मंडळात अशी काही चर्चा पेटली, की हीच पद्धत सगळ्या संस्थेत वापरा असं मंडळच म्हणू लागलं.

इथे मी थांबलो. कारण ही काही कौतुकाची सभा नव्हती. गोष्टी गोळा करून, ताडून पाहून, यश नेमकं कशानं आलं याचा शोध होता. आम्ही क्रॅशच्या लॉगचा जसा ओळीनओळ माग काढतो, तसा नीट चाललेल्या दिवसाचा माग. हे आपण कधी करतो का? नीट चाललेल्या दिवसाचा लॉग कोण वाचतं?

विचारल्याबरोबर बदलतं

१९८७ साली कूपररायडर आणि श्रीवास्तव यांचा मूळ निबंध प्रसिद्ध झाला. त्यावर केनेथ गर्गेन या मानसशास्त्रज्ञाचा मोठा प्रभाव होता. गर्गेन म्हणे, की समाजाबद्दलचं ज्ञान म्हणजे नुसता आरसा नव्हे. आपण समाजाबद्दल जे बोलतो, त्यातून समाज घडतही जातो. कूपररायडरनं हे संस्थांना लावलं. अ‍ॅक्शन रिसर्चवाले प्रत्येक संस्थेला सोडवायचं गणित समजतात, आणि म्हणून त्यांना नवं काही सुचेनासं झालंय, असा त्याचा आक्षेप होता.

पुढे या विचाराची पाच तत्त्वं मांडली गेली. सगळी सांगत बसत नाही, पण दोन सांगतो. एक असं, की संस्था पोथीसारखी असते, कुठला अध्याय उघडायचा हे वाचणाऱ्यावर आहे. दुसरं मला सर्वांत पटलेलं. आधी अभ्यास आणि मग बदल, असे दोन टप्पे नसतातच. प्रश्न विचारल्या क्षणी बदल सुरू होतो. आमच्यापैकी ज्यांनी लॉगिंग चालू केल्याबरोबर गायब होणारा बग पाहिलाय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको :) महिनाभर रोज एखाद्या टीमला 'काय चुकलं' विचारा. महिन्याअखेर ती टीम चुका लपवण्यात तरबेज झालेली असेल.

लक्षात घ्या, त्या निबंधात 'असं करा' अशी कृतींची यादी नव्हती. कूपररायडरनं बरीच वर्षं ती लिहायचं टाळलं. लोकांनी तंत्राच्या मागे न लागता विचार समजून घ्यावा, असं त्याला वाटे. पण बाजाराला पाककृती लागते. १९९० च्या दशकात चार ड तयार झाले: डिस्कव्हरी, ड्रीम, डिझाइन आणि डेस्टिनी. म्हणजे चांगलं शोधा, त्यावरून स्वप्न पाहा, त्याप्रमाणे रचना करा, आणि ती जगा. (चौथा शब्द आधी डिलिव्हरी होता. आम्हाला तोच जवळचा वाटला असता.)

पाककृतीनं प्रसार झाला हे मात्र खरं. जून २००४ मध्ये कोफी अन्नान यांनी न्यूयॉर्कला बोलावलेली उद्योगप्रमुखांची परिषदही याच पद्धतीनं चालवली गेली.

यातली मला आवडलेली गोष्ट ब्रिटिश एअरवेजची आहे. १९९८ साली त्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या ग्राहकसेवा विभागात हे काम सुरू झालं. कशाचा शोध घ्यायचा ते ठरवायला चाळीसेक माणसं बसली. सगळ्यांचं दुखणं एकच: प्रवाशांच्या हरवलेल्या बॅगा. डायना व्हिटनी आणि अमांडा ट्रोस्टन-ब्लूम या सल्लागार बायकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, की ज्याचा तुम्ही शोध घ्याल ते तुमच्याकडे वाढणार, मग तुम्हाला नक्की काय वाढायला हवंय? लोक म्हणाले, हरवलेली बॅग लवकर पोचवण्याची सेवा. पुन्हा प्रश्न: म्हणजे बॅगा हरवायलाच हव्यात का? लोक परत विचाराला बसले, आणि विषय निघाला 'प्रवाशाचं उत्तम आगमन'. ज्या दिवशी प्रवासी उतरला, बॅग आली, हसत घरी गेला, त्या दिवशी कोणी कोणी काय केलं होतं, याचा शोध.

ज्यांनी मध्यरात्री सहार विमानतळाच्या पट्ट्यासमोर उभं राहून इतरांच्या बॅगा फिरताना पाहिल्यात, त्यांना हा फरक कळेल. प्रश्न तोच, पण तो पकडायचं टोक वेगळं.

आपल्याकडे

हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटू शकतात. मलाही वाटले होते. पण ज्यांच्याकडे खरोखर काही नाही, अशा ठिकाणीही हा प्रश्न गेला, आणि तोही आपल्याच भागात.

बंगळूरची 'मायराडा' ही संस्था १९६८ मध्ये तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी निघाली, आणि पुढे बचतगटांच्या कामात देशात अग्रेसर ठरली. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी दक्षिणेतल्या खेड्यांत ही पद्धत वापरून पाहिली. त्यावर ग्रॅहम अ‍ॅशफोर्ड आणि सलीला पाटकर यांचं 'द पॉझिटिव्ह पाथ' हे पुस्तक २००१ साली आलं. त्यातला मुद्दा अगदी आपल्या अनुभवातला आहे. गावात गेलात आणि 'तुमच्या समस्या काय?' विचारलंत, की लोक यादी देतात. रस्ता नाही, पाणी नाही, शाळा गळते. हे खोटं नसतंच. पण यादी जितकी लांब, तितकं गावाला वाटतं की आपण म्हणजे निव्वळ उणिवांची बेरीज, आणि बाहेरून कोणी आल्याशिवाय काही होणार नाही. त्याच गावानं कधीतरी आपल्या बळावर काही केलेलं असतं, ते कोणी विचारतच नाही. विचारलं की आठवतं, आणि आठवलं की परत करावंसं वाटतं.

नेपाळच्या तराईत १९९९ ते २००१ या काळात 'पॅक्ट' या संस्थेनं महिलांच्या बचतगटांचा मोठा कार्यक्रम चालवला. सहा हजारांहून जास्त गट, सव्वा लाखाच्या आसपास महिला. साक्षरता, बचत, छोटा धंदा. बाहेरून भांडवल द्यायचं नाही, बायकांच्याच बचतीतून कर्ज फिरवायचं. बैठकींसाठी माल्कम ओडेल यांनी हीच पद्धत सोपी करून आणली होती. देशात तेव्हा माओवादी बंड चालू होतं. कार्यक्रमाचे पैसे संपले, कर्मचारी निघून गेले. २००६ मध्ये कोणीतरी परत जाऊन पाहिलं, तर पाहणीतले सुमारे ६४ टक्के गट चालूच होते. याचं सगळं श्रेय एका प्रश्नाला देणं चूक होईल. साक्षरता आणि स्वतःचा पैसा ही मोठी कारणं आहेतच. पण 'तुमच्याकडे काय आहे' इथून सुरुवात झालेली माणसं, देणारा निघून गेल्यावरही थांबली नाहीत, एवढं नक्की.

दुसरी बाजू

आता माझ्या रागाकडे येतो. कारण तोही खोटा नव्हता.

कॅनडातले प्राध्यापक जर्व्हास बुशी हे या पद्धतीचे मित्र आणि सर्वांत चांगले टीकाकारही. कसाम यांच्याबरोबर त्यांनी २००५ साली २० ठिकाणचे अनुभव एकत्र ठेवून तपासले. खरोखर मुळातून बदल झाला होता फक्त सात ठिकाणी. मग या सातांत वेगळं काय होतं? गोड बोलणं तर विसाही ठिकाणी होतं. सातांत लोकांना काहीतरी नवं सुचलं होतं, विचार करायची रीतच बदलली होती, आणि कृतीआराखडा कमिटीच्या हाती न देता लोकांना आपापल्या जागी करून पाहू दिलं होतं. पुढे बुशींनी तर स्पष्टच लिहिलं, की ही पद्धत म्हणजे केवळ सकारात्मकता नव्हे.

म्हणजे 'इथे तक्रारी नाही करायच्या हं' हे वाक्य या पद्धतीतलं नव्हतंच. तक्रार म्हणजे माणसाला काहीतरी हवंय आणि ते मिळत नाही. बॅगांबद्दलची कुरकुर ऐकून घेतली, म्हणूनच पुढचा प्रश्न निघाला. ती ऐकायचीच नाही असं ठरवलं, की उरतात सूर्य, झाडं आणि हसरे चेहरे. आणि पुढच्या महिन्यात कोणाला काढायचं ते ज्यांना आधीच ठाऊक आहे, त्यांनी समोरच्याला स्वप्नाचं चित्र काढायला लावणं, याला विचारपूस म्हणत नाहीत. त्याला आपल्याकडे वेगळे शब्द आहेत, ते इथे लिहीत नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर मी एक उद्योग केला. त्या टीमच्या जुन्या रिलीजबद्दलच्या माझ्या नोंदी काढून बसलो. अकरा रिलीज. आठ बोंबललेली. त्या प्रत्येकीवर दोन-तीन पानं, कारणमीमांसा, बाण, चौकटी. तीन रिलीज अगदी शांत झाल्या होत्या. त्यांवर एकेक ओळ: 'रिलीज यशस्वी.' बस्स.

जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. एकच प्रश्न, त्या तीन वेळी काय वेगळं होतं? प्रत्येकानं वेगळी गोष्ट सांगितली, पण सगळ्यांत एक माणूस होतं. आमची टेस्टर. त्या तिन्ही वेळी तिला दुसऱ्या प्रोजेक्टवर काम नव्हतं, म्हणून ती पहिल्या दिवसापासून आमच्या मधे खुर्ची ओढून बसायची आणि वेडगळ प्रश्न विचारायची. "गिऱ्हाईकानं बटण दोनदा दाबलं तर?" "मधेच लाईट गेली तर?" आम्ही वैतागायचो आणि कोड बदलायचो. बग लिहिला जायच्या आधीच मरायचा. साहजिकच ट्रॅकरमध्ये तिच्या नावावर बग कमी होते. कमी करायच्या माणसांची यादी कशी बनली ते मला माहीत नाही. पण ज्यांच्याकडे मोजायला फक्त चुका असतात, त्यांना चुका होऊ न देणारं माणूस दिसायचं तरी कसं?

मला तर दिसायला हवं होतं. मी शेजारीच बसत होतो.

तिला फोन केला आणि हे सगळं सांगितलं. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तेव्हा विचारायचं होतंस रे."

आता मी जिथे आहे, तिथे प्रत्येक रिलीजनंतर आमची बैठक असते. पहिला अर्धा तास एकच विषय: जे नीट झालं, ते कोणामुळे आणि कसं? नावं घेऊन, तपशिलासकट, लिहून ठेवायचं. पहिल्यांदा सगळे लाजले. आपल्याला सवय नाही ना. त्यानंतर बग. ते सोडत नाही हं आम्ही, पाच कुठे गेले ते विचारायचंच. फक्त आधी एकशे पंचेचाळीसांची विचारपूस करायची.

असो. बरंच लांबलं आज. तुमच्या टीममधली शेवटची शांत रिलीज कुठली, आणि तेव्हा तुमच्या शेजारी कोण बसलं होतं? सोमवारी ऑफिसात गेल्यावर जरा विचारून बघा. ते माणूस अजून तिथे असेल, तर त्यालाच विचारा.